धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याआधी

नोंदणी विवाहाला तीन साक्षीदार लागतात. घरून विरोध असला की जोडप्याला दोन मित्र कसेबसे मिळतात, तिसऱ्यावर गाडी अडते. तो तिसरा म्हणून मी बरेचदा उभा राहिलो आहे. सह्या झाल्यावर बाहेर चहा घेताना एक प्रश्न हमखास निघतो. ‘काका, आम्ही दोघंही देवधर्म काही मानत नाही. मग आता आम्हाला कायदा कुठला लागणार?’ प्रश्न रास्त आहे, फक्त तो सह्यांच्या आधी विचारायला हवा. ज्यांच्या सह्या अजून व्हायच्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आपल्याकडे लग्न, वारसा, दत्तक, पालकत्व या गोष्टी धर्मावर टांगलेल्या आहेत आणि त्या कायद्यांत ‘कोणताच नाही’ असा खण नाही. तुम्ही रकाना मोकळा सोडलात तरी कायदा तो मोकळा राहू देत नाही. जन्म कुठल्या घरात झाला ते पाहून तो स्वतःच भरून टाकतो. राज्यघटनेच्या कलम २५ ने सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलं आहे, म्हणून तुमच्या मनाला कोणी हात लावत नाही. पण वडिलांच्या जमिनीचा फेरफार करताना तुमच्या मनात काय आहे, हे कोणी विचारतही नाही. बहुतेक गोंधळ या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

पहिलं काम : कायद्याच्या लेखी आपण कोण, ते पाहा

१९५५ चा हिंदू विवाह कायदा उघडा आणि कलम २ वाचा. आधी हिंदू, मग बौद्ध, जैन, शीख, आणि शेवटी एक शेपूट : जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही, अशा इतर कोणालाही हा कायदा लागू. म्हणजे व्याख्या नकारातून केलेली आहे. १९५६ चे वारसा, पालकत्व आणि दत्तकाचे कायदे हीच व्याख्या थोड्याफार फरकाने वापरतात. आयुष्यात एकदाही देवळाची पायरी न चढलेला, पत्रिका जाळणारा, सत्यनारायणाच्या प्रसादाला हात न लावणारा माणूस या व्याख्येत आरामात बसतो. कोल्हापूर-साताऱ्याकडचे माझे निम्मे नास्तिक मित्र कायद्याने पक्के हिंदू आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

मुसलमान घरात जन्मलेल्या नास्तिकाची अडचण जास्त टोकदार आहे. वारशाच्या बाबतीत १९३७ चा शरियत कायदा त्याच्यामागे येतो. मी मानत नाही, असं म्हटल्याने तो सुटतो का? हाच प्रश्न घेऊन केरळातली एक स्त्री सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने २०२४ मध्ये त्यावर नोटीस काढली. तिचं म्हणणं साधं आहे : मी इस्लाम सोडला आहे, मग मला १९२५ चा भारतीय वारसा कायदा का लागू नये? ख्रिस्ती घरातल्या माणसाला हा त्रास नाही, कारण त्याला वारशासाठी हाच १९२५ चा कायदा आधीपासून लागू असतो.

२०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात सुमारे ३३ हजार लोकांनी स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवलं, त्यांतले साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. नुसत्या पुण्यातल्या व्याख्यानमालांची गर्दी पाहिली तरी हा आकडा थोडा वाटतो. प्रगणक दारात आला की घरातलं वडीलधारं माणूस उत्तर देतं, हे आपल्याला ठाऊक आहेच.

दुसरं काम : धर्म सोडल्याची घोषणा करायची घाई करू नका

नास्तिकांत नव्याने आलेल्यांना हे ऐकायला आवडत नाही. नवा जोश असतो, राजपत्रात छापून आणायचं असतं. माझं मत असं की ज्या कागदावर ‘निधर्मी’ लिहिल्याने तुम्हाला काही मिळतं, तिथे जरूर लिहा. जिथे फक्त जातं, तिथे आधी हिशेब करा.

लिहिण्याचा हक्क आहे, याबद्दल शंका ठेवू नका. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये तसा निकाल दिला आहे. तिघा अर्जदारांनी आपल्याला कोणताच धर्म नाही अशी नोंद राजपत्रात छापावी म्हणून अर्ज केला होता, शासकीय मुद्रणालयाने तो फेटाळला, म्हणून ते न्यायालयात गेले. न्यायालयाने म्हटलं की कोणतीही सरकारी यंत्रणा माणसाला धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही आणि ‘मी कोणताच धर्म पाळत नाही’ असं म्हणायचा हक्क कलम २५ मध्येच आहे. कुठल्याही खिडकीवर कारकून अडला, की या निकालाची प्रत पुढे करायची. मी ती पिशवीत ठेवतो.

तमिळनाडूतल्या तिरुपत्तूरच्या वकील स्नेहा पार्थिबराजा यांना २०१९ मध्ये ‘जात नाही, धर्म नाही’ असा दाखला मिळाला. त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. तेव्हापासून मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं, ‘आपल्याकडे तो दाखला कुठे मिळतो?’ मी विचारतो, ‘मिळाल्यावर काय करणार?’ त्या दाखल्याने सात-बारा हलत नाही. वारसा कायदा तो पाहून बदलत नाही. मानाची गोष्ट आहे, हे मी नाकारत नाही.

आता काय जातं, त्याचा हिशेब. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण हे सांगितलं आहे आणि खाली एक परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारा अपवाद, आहे : जो हिंदू राहिलेला नाही किंवा ज्याने संन्यास घेतला आहे, त्याला नैसर्गिक पालक म्हणून वागता येणार नाही. दत्तक कायद्यात तर जोडीदार हिंदू राहिला नसेल, तर दत्तक घेताना त्याची संमती लागत नाही. घटस्फोटाच्या कलमात शब्द वेगळे आहेत. तिथे ‘दुसऱ्या धर्मात जाऊन’ हिंदू न राहणं हे कारण धरलं आहे. त्यामुळे नुसती नास्तिकता हे घटस्फोटाचं कारण होत नाही. पण पालकत्वाच्या परंतुकात ‘दुसऱ्या धर्मात जाऊन’ हे शब्द नाहीत. संसार सुरळीत असताना याने काही बिघडत नाही. पण मुलाच्या ताब्याचं भांडण कोर्टात गेलं की समोरचा वकील तुमचं राजपत्र काढून ‘माझे अशील हिंदू आहेत, हे तर स्वतःच म्हणतात की मी नाही’ असं म्हणायला मोकळा. तो जिंकेलच असं नाही. पण तुमचे सहा महिने जातात.

दुसरा हिशेब अनुसूचित जातीच्या मित्रांचा, आणि तो मोठा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख किंवा बौद्ध यांव्यतिरिक्त दुसरा धर्म सांगणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानत नाहीत. शिखांचा समावेश १९५६ चा, बौद्धांचा १९९० चा. ‘कोणताच नाही’ म्हणजे ‘दुसरा धर्म’ होत नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण तो जात पडताळणी समितीपुढे, मुलीच्या प्रवेशाची तारीख उद्यावर आलेली असताना करायची वेळ कोणावर येऊ नये. अनुसूचित जमातीला धर्माची ही अट नाही. सवर्ण घरातल्या तरुणाने ‘जात-धर्म दोन्ही रकाने मोकळे सोडा’ असा सल्ला दुसऱ्याला देण्याआधी एवढं तरी समजून घ्यावं. त्याला ते फुकट पडतं, दुसऱ्याला नाही.

तिसरं काम : लग्न कोणत्या कायद्याखाली, ते आधी ठरवा

लोक याला कोर्ट मॅरेज म्हणतात. कोर्टाचा काही संबंध नसतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न होतं. या कायद्याची आजी मोठी गमतीची होती. ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून १८७२ मध्ये नागरी विवाहाचा कायदा आला, त्यात वधूवरांना लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणीही नाही. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी सरकार आपल्याकडून निधर्मी असल्याचं लिहून घेत होतं, आणि आज आपण लिहून देतो म्हटलं तर घेत नाही. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना या नकाराच्या घोषणेतून सूट मिळाली. १९५४ च्या कायद्याने ती अट सगळ्यांसाठीच गेली.

क्रम असा. दोघांपैकी एकजण निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतो आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. कायद्याला जोडलेला नोटिशीचा नमुना नीट पाहा. नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, पत्ता, किती दिवस राहता. बस. धर्माचा रकाना त्यात नाहीच. कार्यालयाच्या स्वतःच्या अर्जात तो असला आणि सक्तीचा वाटला, तर मूळ नमुना दाखवा. आमच्याकडे एकदा खिडकीवरच्या बाईंनी ‘काहीतरी लिहावंच लागतं हो, नाहीतर पान पुढे जात नाही’ असं सांगितलं. मुलाने ‘लागू नाही’ लिहिलं. पान पुढे गेलं.

नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. ३० दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. पण हरकत फक्त कलम ४ च्या अटींवर : आधीचं लग्न कायम आहे, वय कमी आहे (मुलगा २१, मुलगी १८), संमती देण्याची मानसिक क्षमता नाही, किंवा नातं निषिद्ध आहे. ‘आमची मुलगी त्या धर्मात देणार नाही’ ही हरकत होत नाही. अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपील. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

या तीस दिवसांतच खरा भेदभाव आहे. भटजी, काझी किंवा पाद्री लावून लग्न करणाऱ्याची नावं आणि पत्ते सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर महिनाभर टांगत नाहीत. धर्म न मानणाऱ्याची टांगतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण तो निकाल उत्तर प्रदेशातला. महाराष्ट्रात नोटीस लागणार असं धरूनच तयारी करा. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या कार्यालयातही नोटिशीची प्रत जाते, हे बरेचजण विसरतात आणि मग गावाकडून फोन येतो. घरी पत्र पाठवायचा मात्र अधिकाऱ्याला अधिकार नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्येच तसं सांगितलं आहे. जिवाला धोका वाटत असेल तर नोटीस देण्याआधीच पोलिसांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आपल्या पसंतीने लग्न करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार, सगळ्यांची ओळखपत्रं, फोटो. आधीचं लग्न मोडलं असेल तर हुकूमनामा, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. मग एकच वाक्य म्हणायचं : मी तुला माझी कायदेशीर पत्नी, किंवा माझा कायदेशीर पती, म्हणून स्वीकारते वा स्वीकारतो. देव, अग्नी, ग्रंथ काही नाही. मी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे, तरी प्रत्येक वेळी कोणाचा ना कोणाचा आवाज अडतो.

एक खाचखळगा खास आपल्या मुलखातला. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा करायची आपल्याकडे चाल आहे. हिंदू विवाह कायद्यात रूढीचा आधार घेऊन ते चालतं. विशेष विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत मात्र मामे-आते भावंडं आहेत, आणि तिथे रूढी म्हणजे राज्य शासनाने राजपत्रात नमूद केलेलीच. मुसलमान घरांतल्या चुलत भावंडांचीही तीच अडचण. म्हणजे रूढी न मानणाऱ्यालाच रूढीची सूट नाही. असं नातं असेल तर नोटीस देण्याआधी वकिलाला विचारा.

‘सत्यशोधक पद्धतीने केलं तर चालेल का?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. पहिला सत्यशोधक विवाह १८७३ चा. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीविना लग्नं लावली, ग्रामजोशांनी दक्षिणेसाठी दावा लावला, आणि तो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन पाटलांच्या बाजूने सुटला. इतका जुना वारसा असूनही आज महाराष्ट्रात त्याला वेगळं कलम नाही. तमिळनाडूने पुरोहिताविना होणाऱ्या ‘स्वाभिमान विवाहां’साठी १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घातलं. हार घालून, अंगठी घालून, साक्षीदारांसमोर झालेलं लग्न तिथे वैध. आपल्याकडे कलम ७ चेच शब्द : दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ च्या निकालात स्पष्ट म्हटलं की विधी न करता नुसतं हिंदू विवाह कायद्याखालचं प्रमाणपत्र काढलं, तर ते लग्न होत नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या नोंदणी कायद्यातल्या ‘नमुना ड’ वरही पुरोहिताची किंवा काझीची सही मागतात. मग लोक ओळखीच्या भटजीची सही आणतात, आणि विधी न करता केल्याचं लिहितात. हे करू नका. उद्या भांडण झालं तर तो कागद पहिला फाटतो. सत्यशोधक समारंभ थाटात करा, गावजेवण घाला, महात्मा फुल्यांची मंगलाष्टकं म्हणा, पण कायद्याचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली वेगळं करा.

ज्यांचं लग्न आधीच घरच्यांच्या दबावाने धार्मिक पद्धतीने झालं, त्यांच्यासाठी विशेष विवाह कायद्याचं कलम १५ आहे. झालेलं लग्न या कायद्याखाली नोंदवता येतं. दोघंही २१ पूर्ण, ३० दिवसांचं वास्तव्य, पुन्हा ३० दिवसांची नोटीस. निषिद्ध नात्याची अट इथेही आहे. समाजसुधारक हमीद दलवाई आणि त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा यांचं लग्न आधी निकाह पद्धतीने झालं आणि मग महिन्याभराने विशेष विवाह कायद्याखाली. एवढ्या कागदाने काय फरक पडतो, ते पुढे.

चौथं काम : वारसा, आणि मृत्युपत्र

दोन मुसलमान नावाची माणसं विशेष विवाह कायद्याखाली एकत्र आली, की त्यांच्या मालमत्तेचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो. केरळातले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ ला आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावलं, ते यासाठीच. त्यांना तीन मुली. मुस्लिम वारशाप्रमाणे मुलींना मिळून दोन तृतीयांश, बाकीचं भावांकडे जाण्याची शक्यता. नव्या नोंदीमुळे ती वाट बंद झाली. ते नास्तिक म्हणून नव्हे, बाप म्हणून गेले. पण नास्तिकाला हीच वाट उपयोगी.

एक हिंदू आणि एक मुसलमान किंवा ख्रिस्ती असं जोडपं असेल, तर विशेष विवाह कायद्याचं कलम १९ लागतं : हिंदू जोडीदार अविभक्त कुटुंबातून आपोआप वेगळा झाला असं धरतात. त्याचा तोवरचा हिस्सा बुडत नाही. गावाकडे भाऊ ‘तू धर्म बुडवलास, आता जमीन विसर’ म्हणतात, ते खोटं आहे. उतारा काढा, हिस्सा मागा.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांपैकी असतील, तर १९७६ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २१-अ सांगतं की त्यांना हिंदू वारसा कायदाच लागू. इथेच नवखे फसतात. त्यांना वाटतं, विशेष विवाह केला म्हणजे हिंदू कायद्यातून सुटलो. नाही सुटलात. फरक किती पडतो बघा. नवरा मृत्युपत्र न करता गेला, मागे बायको, दोन मुलं आणि आई. हिंदू वारसा कायद्याने चौघांना सारखा, म्हणजे प्रत्येकी पाव हिस्सा. भारतीय वारसा कायद्याने बायकोला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश, आईला काही नाही. कुठला चांगला, हे तुमच्या आईवर आणि तुमच्यावर. पण कुठला लागणार हे माहीत हवं. बायकांसाठी आणखी एक. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मूल नसलेली विधवा गेली, तर तिची स्वतः कमावलेली मिळकत तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आयुष्यभर सासरच्या कर्मकांडाशी भांडलेल्या बाईचा फ्लॅट दिराकडे जावा, याहून मोठा विनोद नाही.

या सगळ्यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे. मृत्युपत्र करा. कागद साधा चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. दोन साक्षीदार तुमच्यासमोर सही करतात, आणि ते लाभार्थी नसावेत. मृत्युपत्र केलं की वर सांगितलेली सगळी गणितं तुमच्या स्वकष्टार्जित मिळकतीपुरती बाजूला पडतात. मुस्लिम कायदा लागू असलेल्याला एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही, म्हणून त्याने आधी कलम १५ ची नोंदणी करावी. गोव्यातल्या मित्रांसाठी हिशेब निराळा. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने मिळकतीचा निम्मा भाग सक्तीच्या वारसांचा असतो, आणि उरलेल्या अर्ध्याचंच मृत्युपत्र करता येतं.

मुलं

जन्माच्या नोंदणीचा फॉर्म भरताना धर्म विचारतात, तो सांख्यिकीसाठी. जन्माच्या दाखल्यावर तो छापला जात नाही. नव्या नमुन्यात आई आणि वडील यांचा धर्म वेगवेगळा मागतात. मुलाचा धर्म तिथून ठरत नाही. खरा चिकट कागद म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. तिथे पहिल्या दिवशी जे लिहिलं, ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आयुष्यभर चालतं, नंतर बदलायला खेटे घालावे लागतात. प्रवेश अर्ज शिक्षकांना भरू देऊ नका. आपणच भरा, ‘निधर्मी’ लिहायचं तर तेव्हाच लिहा, आणि जातीचं वर सांगितलेलं गणित करूनच लिहा.

दत्तक घ्यायचं असेल तर हिंदू दत्तक कायद्याच्या नादी लागू नका. २०१५ चा बाल न्याय कायदा धर्म विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर हा मार्ग सर्व धर्मांच्या माणसांना खुला असल्याचं सांगितलं. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, अंतिम आदेश आता जिल्हाधिकारी देतात. बहिणीचं किंवा भावाचं मूल घ्यायचं असेल तरी हाच कायदा वापरता येतो, तिथे तर ‘धर्म कोणताही असो’ असे शब्दच आहेत.

पालकत्वाबद्दल एक जुनी गोष्ट. इंग्लंडमध्ये १८७८ मध्ये ॲनी बेझंट यांच्याकडून त्यांची मुलगी न्यायालयाने काढून घेतली. कारणं दोन : नास्तिक मतं आणि संततिनियमनाची पुस्तिका छापणं. त्याच बाई पुढे भारतात येऊन काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. आपल्याकडे १८९० चा पालक व पाल्य कायदा अजून चालू आहे, आणि त्याच्या कलम १७ मध्ये पालक नेमताना न्यायालयाने मुलाचं वय, लिंग आणि धर्म लक्षात घ्यावा असं लिहिलं आहे. आज न्यायालयं मुलाच्या हितालाच पहिलं स्थान देतात. तरी आपल्या माघारी मूल कोणी सांभाळावं, हे मृत्युपत्रात नावानिशी लिहा. हिंदू पालकत्व कायद्याच्या कलम ९ मध्ये तशी सोय आहे. नाहीतर काकांच्या घरी मुंज लागते.

कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर ‘ईश्वरसाक्ष’ म्हणायची गरज नाही. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. शिरस्तेदार सवयीने ‘देवाची शपथ’ पुढे करतो, त्याला शांतपणे सांगा. तो बदलतो.

शेवटचं काम : आपल्या देहाचं काय

मृत्युपत्रात ‘विधी करू नयेत’ असं लिहून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. मृत्युपत्र कपाटातून निघेपर्यंत तेरावं उरकलेलं असतं. म्हणून ही इच्छा वेगळ्या कागदावर लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत जोडीदाराकडे, एक भावाबहिणीकडे, एक शेजाऱ्याकडे द्या. जो सर्वांत जास्त विरोध करेल, त्याच्याशी आधी बोला. हमीद दलवाई १९७७ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे विधींशिवाय दहन झालं, कारण जवळच्यांना ती इच्छा पक्की ठाऊक होती आणि ती पाळायची त्यांची तयारी होती. ख्रिस्ती किंवा मुसलमान घरातल्या माणसांनी हेही ध्यानात ठेवा की दफनभूमी बहुधा ट्रस्टची असते आणि तिथे अटी असतात. महापालिकेच्या विद्युतदाहिनीत धर्म विचारत नाहीत.

देहदानाचा फॉर्म जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ चा कायदा आहे. फॉर्म भरला म्हणजे झालं, असं नाही. देह पोचवायचा असतो तो नातेवाइकांनी, आणि त्यांनी नाही म्हटलं तर महाविद्यालय सहसा भांडायला येत नाही. केरळात ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. वडिलांनी देहदानाची इच्छा सांगितली होती, असं मुलगा म्हणाला. ख्रिस्ती पद्धतीने दफन हवं, असं मुलगी. वाद उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, जानेवारी २०२५ मध्ये मुलीची याचिका फेटाळली गेली. तोवर चार महिने देह शवागारात. इच्छा तोंडी सांगितलेली होती, हे त्या वादाचं मूळ.

नेत्रदान करायचं तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावं लागतं. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजाराचा देह महाविद्यालय घेत नाही, म्हणून कागदावर दुसरा पर्यायही लिहा : ‘देह स्वीकारला नाही तर विद्युतदाहिनी, विधी नाहीत.’ आणि महाविद्यालयाचा फोन नंबर घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये आजच घाला. रात्री अडीच वाजता तो कोणी शोधत बसत नाही. त्या वेळी ज्याचा नंबर आधी लागतो तो भटजी असतो.